भात आणि अराबिडोप्सिस : फुलण्याच्या वेळेचा हिशेब

कोकणातल्या जुन्या गरव्या भातांची एक खोड शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मृग वेळेवर लागला आणि राबात बी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडले, किंवा पावसाने दगा दिला आणि पेरणी तीन आठवडे लांबली, तरी यांतली बरीचशी वाणे निसवतात ती साधारण एकाच सुमाराला. उशिरा लावलेल्या रोपाला फुटवे कमी येतात, ते उंचीला कमी भरते, पण पोटरीवर येण्याची वेळ फारशी चुकवत नाही. हळव्याचे तसे नाही. ते पेरल्यापासून आपले दिवस मोजते आणि जितका उशीर झाला तितकेच उशिरा पिकते. म्हणूनच पाणी लवकर ओसरते त्या वरकस उतारावर हळवे, खोलगट खाचरात गरवे आणि मधल्या जागेत निमगरवे अशी वाटणी गावोगाव पडली.

हे गणित झाडाला कसे जमते, हा वनस्पतिशास्त्रातल्या जुन्या आणि सर्वांत चांगल्या प्रश्नांपैकी एक. त्याचे उत्तर मिळायला शंभर वर्षे गेली आणि ते एकट्या भातातून मिळाले नाही. भातासमोर एक तण ठेवावे लागले. त्या तणाचे भाताशी नाते इतके लांबचे, की दोघांचा सामाईक पूर्वज शोधायचा तर साधारण १४-१५ कोटी वर्षे मागे, सपुष्प वनस्पतींच्या उदयकाळापर्यंत जावे लागते. या तुलनेतून फुलण्याविषयी जे कळले ते फार मोठे आहे. मात्र पाठ्यपुस्तकांत त्याचे जे सुटसुटीत सार सांगितले जाते, ‘एकच कळ, भातात ती उलटी जोडलेली’, ते मला अर्धेच खरे वाटते. पुढच्या मजकुराचा रोख मुख्यतः तिकडे आहे.

आधी या दोघांची ओळख. अराबिडोप्सिस थालियाना ही मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातली, वीत-दीड वीत उंचीची, पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती. योहानेस थाल या जर्मन वैद्याने हार्त्स डोंगरात १५७७च्या सुमारास तिची नोंद केली आणि नावात तो कायमचा राहिला. भारतात ती पश्चिम हिमालयात उगवते. सह्याद्रीच्या माणसाला तिची ओळख नाही, आणि ओळख व्हावी असा तिचा काही उपयोगही नाही. ना भाजी, ना तेल, ना औषध. पण बी ते बी हा फेरा ती सहा-सात आठवड्यांत पुरा करते, स्वतःच स्वतःचे परागण करते, हजारो बिया देते, आणि तिच्याकडे गुणसूत्रांच्या जोड्या फक्त पाच. जनुकशास्त्रज्ञाला आणखी काय हवे? संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली पहिली वनस्पती म्हणजे हीच, साल २०००. भाताचा जनुकसंच सुमारे तिप्पट मोठा, बारा गुणसूत्रांचा. त्याचे पक्के वाचन २००५मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अकराव्या गुणसूत्राचा एक भाग भारताच्या वाट्याला होता आणि तो दिल्ली विद्यापीठ व भारतीय कृषी संशोधन संस्थेतील गटांनी वाचला.

दोघांची फुले शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अराबिडोप्सिसचे फूल शाळेच्या पुस्तकातल्यासारखे असते: चार निदले, चार पाकळ्या, सहा पुंकेसर, दोन अंडपांचा मिळून झालेला किंजपुट. भाताच्या फुलात पाकळी दिसतच नाही. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात निसवलेली लोंबी भिंगाखाली धरली, तर तुसांची दोन कवचे हळूहळू फाकताना आणि सहा पुंकेसर बाहेर लोंबताना दिसतात. कवचे फाकवण्याचे काम तळाशी असलेल्या दोन चिमुकल्या, पाण्याने फुगणाऱ्या खवल्यांचे. हे खवले म्हणजे गवताच्या पाकळ्याच. जपानी संशोधकांनी २००३मध्ये भाताच्या एका उत्परिवर्तित वाणात दाखवले, की अराबिडोप्सिसमध्ये पाकळ्या आणि पुंकेसर घडवणाऱ्या जनुकाचाच भाऊबंद भातात बिघडला की खवल्यांची जागा तुसासारखे अवयव घेतात आणि पुंकेसरांच्या जागी अंडपे येतात. म्हणजे रूप पार पालटले, पण आतली आखणी टिकली. दोन्हीकडे पुंकेसर मात्र सहाच, हा निव्वळ योगायोग. अराबिडोप्सिसमध्ये चार लांब आणि दोन आखूड, भातात सगळे सारखे. लांबच्या नातलगांची तुलना करताना अशी फसवी साम्ये फार भेटतात.

फुलाच्या रचनेपेक्षा फुलण्याच्या वेळेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ती सुरू होते तंबाखूपासून. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अॅलार्ड हे दोघे ‘मेरिलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूने हैराण झाले होते. उन्हाळ्यात शेतात ती दहा फुटांवर जाई, पानेच पाने देई, पण फुलत नसे. त्यामुळे बी मिळत नसे. तीच झाडे हिवाळ्यात काचघरात ठेवली की लहानपणीच फुलत. त्याच सुमारास बिलॉक्सी जातीच्या सोयाबीनने त्यांना आणखी एक कोडे घातले होते. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलेले हे सोयाबीन सगळे सप्टेंबरातच फुलत होते. गरव्या भाताचीच ही कथा, फक्त पीक वेगळे आणि खंड वेगळा. तापमान, खत, ओलावा, उजेडाची तीव्रता असे एकेक कारण बाद करत शेवटी त्यांनी १९१८च्या जुलैत काही कुंड्या दुपारीच एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला आणि सकाळी उशिरा बाहेर काढायला सुरुवात केली. ऐन उन्हाळ्यात झाडे फुलली. १९२०मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि दिवसाची लांबी हे झाडांसाठी ऋतूचे पंचांग आहे, ही गोष्ट शास्त्रात पक्की झाली. पॅरिसच्या झ्युलियँ तुर्न्वाला हॉप आणि भांगेवरच्या कामातून हे आधीच जवळपास उमगले होते. पण पहिल्या महायुद्धात १९१४ साली तो मारला गेला.

पुढची पायरी १९३८ची. शिकागोत हॅमनर आणि बॉनर यांनी शंखेश्वर हे उकिरड्यावरचे काटेरी तण घेतले. एकच पुरेशी लांब रात्र मिळाली तरी ते फुलते. त्या लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे दिवा लावला, तर मात्र फुलत नाही. दिवसाच्या मधोमध अंधार केला तर काही बिघडत नाही. झाड मोजते ते दिवस नव्हे, तर रात्र. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये शेवंती लावणारे याच ज्ञानावर पैसे मिळवतात: फांदी लांब व्हावी म्हणून आधी रात्री दिवे लावायचे, मग दिवे बंद करून किंवा काळे कापड ओढून कळ्या धरायला लावायच्या.

शेवंतीनेच आणखी एक गुपित फोडले. मॉस्कोत मिखाइल चैलाख्यान यांनी १९३६-३७मध्ये शेवंतीची खालची पाने लांब रात्रीत ठेवली आणि पाने काढलेला शेंडा लांब दिवसात. शेंडा फुलला. उलट केले, तर फुलला नाही. याचा अर्थ रात्र मोजतात पाने, आणि फूल येते शेंड्याला. मधून काहीतरी जाते. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी फ्लोरिजेन असे नाव दिले. फुललेल्या झाडाची फांदी न फुललेल्या झाडावर कलम केली की तेही फुलते, हे पुढे अनेक जातींत दिसले. त्यामुळे फ्लोरिजेन असणार, याबद्दल शंका उरली नाही. हाती मात्र ते लागेना. टनावारी पाने वाटून, गाळून, अर्क काढून पाहिले, पण काही निष्पन्न झाले नाही. सत्तर वर्षे हा पदार्थ केवळ नावाने जगला. १९८०च्या दशकापर्यंत काही जण त्याची चेष्टाही करू लागले होते.

कोंडी फुटली ती अराबिडोप्सिसमुळे. मोठे दिवस मिळाले की ही वनस्पती लवकर फुलते. लहान दिवसांतही फुलते, पण रेंगाळत. जॉर्ज रेडेई यांनी १९६२मध्ये तिची काही उशिरा फुलणारी उत्परिवर्तित रोपे वर्णिली, त्यांतले एक ‘कॉन्स्टन्स’. मोठे दिवस असोत की लहान, त्याच्या वागण्यात फरक पडत नसे. १९९१मध्ये हॉलंडच्या वागेनिंगेनमध्ये मार्टेन कोर्नीफ यांनी अशी बरीच रोपे गोळा करून त्यांचा पद्धतशीर हिशेब मांडला. ‘एफटी’ हे नाव तिथलेच. कॉन्स्टन्स जनुक १९९५मध्ये इंग्लंडच्या नॉरिच येथे जॉर्ज कूपलंड यांच्या गटाने वेगळे केले, आणि एफटी १९९९मध्ये अमेरिका व जपानमधल्या दोन गटांनी एकाच वेळी.

यंत्रणा उघड झाली ती अशी. पानातले अंतर्गत घड्याळ कॉन्स्टन्स जनुकाला रोज संध्याकाळकडे कामाला लावते. त्याचे प्रथिन उजेडात टिकते, अंधारात झपाट्याने मोडले जाते. दिवस लहान असेल, तर प्रथिन तयार होईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि ते साठत नाही. दिवस मोठा असेल, तर संध्याकाळच्या उन्हात ते टिकते, साठते आणि एफटी जनुकाला जागे करते. म्हणजे झाड तास मोजत बसत नाही. घड्याळाची एक ठरावीक वेळ उजेडात येते की अंधारात, एवढेच ते पाहते. एरविन ब्युनिंग यांनी १९३६मध्ये घेवड्याच्या पानांची हालचाल पाहत नेमकी हीच कल्पना मांडली होती. ती खरी असल्याचा रेणवीय पुरावा येईपर्यंत सहा-सात दशके लागली.

आता भात. सुकुबा येथे मासाहिरो यानो आणि सहकाऱ्यांनी जपानी निप्पोनबारे हे वाण आणि भारतीय उपखंडाच्या पूर्वेकडच्या आउस गटातले कसलाथ यांचा संकर केला आणि त्यांच्या संततीत निसवण्याच्या दिवसांत फरक पाडणारे जनुकप्रदेश एकेक करून शोधून काढले. त्यांना ‘एचडी’ असे क्रमांक दिले. २०००मध्ये ‘एचडी-१’ उकलले आणि सगळे चकित झाले: ते कॉन्स्टन्सचे भाऊबंद निघाले. २००२मध्ये ‘एचडी-३ए’ उकलले. ते एफटीचे भाऊबंद. म्हणजे १५ कोटी वर्षांच्या अंतरावरच्या दोन वनस्पतींत, एक मोठ्या दिवसांत फुलणारी आणि दुसरी लहान दिवसांत, तीच दोन नावे त्याच क्रमाने. फरक इतकाच, की भातात मोठे दिवस असताना एचडी-१ एफटीच्या भावाला जागे करण्याऐवजी दाबून धरते. २००३मध्ये को शिमामोतो यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये हे मांडले आणि ‘तीच कळ, उलटी जोडणी’ ही गोष्ट जगभर पसरली. ती सुंदर आहे, सोपी आहे, फळ्यावर दोन बाणांत काढता येते. तिच्या यशाचे निम्मे कारण तेच असावे.

पण फ्लोरिजेनचा निकाल अजून लागायचा होता. २००५मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने जाहीर केले, की पानातून शेंड्याकडे जाते ते एफटीचे आरएनए. गाजावाजा झाला. २००७मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. आकडेवारी निवडून वापरली गेल्याचे सहलेखकांच्याच लक्षात आले होते. त्याच वर्षी ‘सायन्स’च्या एका अंकात दोन निबंध पाठोपाठ आले. एक कोलोनहून, कूपलंड यांच्या गटाचा, अराबिडोप्सिसवर. दुसरा जपानमधल्या नाराहून, शिमामोतो यांच्या गटाचा, भातावर. दोघांनी आपापले प्रथिन हिरव्या चमकणाऱ्या खुणेला जोडले आणि ते पानाच्या शिरांत तयार होऊन शेंड्यात पोहोचते हे डोळ्यांनी दाखवले. जाते ते आरएनए नव्हे, तर प्रथिन. जेमतेम पावणेदोनशे अमिनो आम्लांचे. एकाच वनस्पतीत दिसले असते, तर ती तिची लहर म्हणून सोडून देता आले असते. दोन इतक्या दूरच्या वनस्पतींत एकाच वेळी दिसल्याने वाद मिटला. या तुलनेचे सर्वांत भक्कम फळ हेच, असे माझे मत आहे.

भाताच्या बाजूने पुरावा आणखी पक्का झाला. एचडी-३ए आणि त्याच्या शेजारीच, सहाव्या गुणसूत्रावर बसलेले जुळे जनुक ‘आरएफटी-१’, ही दोन्ही निकामी केलेली भातरोपे ३०० दिवस उलटले तरी निसवली नाहीत. २०११मध्ये शिमामोतो यांच्याच गटाने शेंड्यातल्या पेशीत फ्लोरिजेनला पकडून घेणारे प्रथिन कोणते आणि ती मिळून जनुकांना कसे जागवतात, याचे चित्र दिले. तिकडे इस्रायलमध्ये २००६मध्ये टोमॅटोतल्या एफटीच्या भावाचा कलमातून प्रयोग झाला. ज्यांना तो निरोप मिळाला, त्यांत मेरिलँड मॅमथ तंबाखूही होती. ती मोठ्या दिवसांतच फुलली. गार्नर आणि अॅलार्ड असते तर त्यांना मजा वाटली असती.

इथवरचा भाग निर्विवाद आहे. वाद सुरू होतो कॉन्स्टन्सपाशी.

पहिली अडचण भातातच निघाली. भातात एफटीच्या भावाकडे जाणारा दुसरा एक रस्ता आहे. त्याचे जनुक ‘ईएचडी-१’, २००४मध्ये सापडलेले. त्याच्या जोडीचे जनुक अराबिडोप्सिसमध्ये नाही. त्यावर लगाम धरतो ‘जीएचडी-७’, जो वुहानच्या कृषी विद्यापीठात २००८मध्ये उकलला गेला. निसवणे, झाडाची उंची आणि लोंबीतले दाणे या तिन्हींवर तो परिणाम करतो. त्याचाही नेमका जोडीदार अराबिडोप्सिसकडे नाही. आणि २०१६-१७च्या कामांतून जे दिसले त्याने मूळ गोष्टच हलली: मोठ्या दिवसांत एचडी-१ फुलणे रोखते ते जीएचडी-७ सोबत असताना. जीएचडी-७ काढून टाका, तर तेच एचडी-१ मोठ्या दिवसांतही फुलण्याला मदत करते. मग उलटी जोडणी कशाची? एचडी-१चा स्वभाव पालटलेला नाही. त्याच्या शेजारी एक नवा माणूस येऊन बसला आहे, आणि तो गवतांकडचा आहे.

दुसरी अडचण अराबिडोप्सिसच्या बाजूची. २०१५मध्ये कूपलंड यांच्याच गटाने मोहरीच्या कुळातल्या निरनिराळ्या वनस्पती तपासून दाखवले, की कॉन्स्टन्सचे मोठ्या दिवसांत फुलवण्याचे आजचे काम त्याच कुळात, जनुक दुप्पट झाल्यानंतर घडलेले आहे. म्हणजे अराबिडोप्सिसची जी ‘सरळ’ जोडणी मूळची समजून भाताची ‘उलटी’ ठरवली गेली, ती सरळ जोडणीच मूळची नव्हे.

तिसरी अडचण ताटातल्या पोळीची. गहू आणि बार्ली ही भातासारखीच गवते, भाताची कितीतरी जवळची नातलग. पण मोठ्या दिवसांत फुलतात, अराबिडोप्सिससारखी. ज्वारी, मका पुन्हा भातासारखी, लहान दिवसांची. मोठ्या की लहान दिवसांत फुलायचे हे नात्यावरून ठरत नाही. वनस्पती कोणत्या अक्षांशावर आणि कोणत्या हंगामात वाढली, यावरून ठरते. रब्बीत, लहान दिवसांत आपला गहू पिकतो तो त्याचे दिवसाच्या लांबीचे बंधन पैदासकारांनी आधीच सोडवून ठेवलेले आहे म्हणून. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत दोन निरनिराळ्या अक्षांशांवर वर्षातून दोन पिके घेत होते. त्यात ज्या ओळी टिकल्या त्या आपोआप बेफिकीर निघाल्या, आणि तोच गहू १९६०च्या दशकात इथे आला.

दुसऱ्या बाजूलाही बोलायला जागा आहे. एका हिरव्या एकपेशीय शैवालात कॉन्स्टन्सचा भाऊबंद दिवसाच्या लांबीनुसार काम करतो, असे स्पेनमधल्या संशोधकांनी २००९मध्ये दाखवले. शैवालाला फूल कुठले? पण दिवसाच्या लांबीशी या जनुककुळाचा संबंध फुलांपेक्षा जुना असावा, एवढे त्यातून मानता येते. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकत्र बसतात. घड्याळाला आणि उजेडाला एकाच वेळी ऐकू शकणारे जनुकांचे एक जुने कूळ होते. भाताच्या आणि मोहरीच्या पूर्वजांनी ते आपापल्या गरजेप्रमाणे वेगवेगळे कामाला लावले. निरोप्या तोच राहिला, निरोप धाडणारी कचेरी दोघांनी स्वतंत्र बांधली.

थंडीच्या बाबतीतही हेच दिसते. युरोपातल्या अराबिडोप्सिसच्या अनेक प्रकारांना फुलण्याआधी हिवाळा सोसावा लागतो, आणि ‘एफएलसी’ नावाचे जनुक तो सोसेपर्यंत फुलणे अडवते. गव्हालाही थंडी लागते, पण त्याची अडवणूक करणारी जनुके पूर्ण निराळी. उष्ण प्रदेशातल्या भाताला हा प्रश्नच नाही. इथे साम्य फक्त गरजेत आहे, आणि मजा म्हणजे शेवटी तिन्हींची दोरी एफटीच्याच हातात.

एफटीचे कूळ फुलापुरतेही राहिलेले नाही. २०११मध्ये माद्रिद आणि नारा येथील संशोधकांनी अँडीज पर्वतातल्या, लहान दिवसांतच कंद धरणाऱ्या बटाट्यात भाताचे एचडी-३ए घातले. बटाटा मोठ्या दिवसांत फुललाही आणि त्याला बटाटेही लागले. बटाट्यात फुलासाठी एक आणि कंदासाठी दुसरा, असे एफटीचे दोन भाऊ असल्याचे त्यातून उघड झाले. न्यूझीलंडमध्ये २०१३मध्ये कांद्याचा उलगडा झाला: एक एफटी फुलोऱ्यासाठी, एक गड्डा धरायला लावणारे, एक धरू न देणारे. नाशिक जिल्ह्यात चालणारा कांदा साधारण बारा तासांच्या दिवसात गड्डा धरतो. उत्तर युरोपातले बियाणे आणून लावले तर पात वाढत राहते आणि गड्डा धरत नाही, कारण त्याला हवा तेवढा मोठा दिवस आपल्याकडे कधीच उगवत नाही. लासलगावच्या बाजारात जे येते त्यामागेही हेच प्रथिन आहे.

अक्षांशाचा मुद्दा भातात फार नाजूक होतो. कोलोनला जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या घरात आणि डिसेंबरचा आठच्या. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. सप्टेंबरात दिवस रोज जेमतेम मिनिटाने घटतो. एवढ्याशा फरकावर गरवे भात आपली तारीख धरते. हे अशक्य वाटावे असे, पण २०१०मध्ये जपानी गटाने प्रयोगशाळेत दाखवले, की भात अर्ध्या तासाचा फरक ओळखतो: दिवस साडेतेरा तासांच्या खाली गेला की एचडी-३ए जागे होते, वर असला की झोपलेले. ईएचडी-१ आणि जीएचडी-७ यांच्या ओढाताणीतून ही सीमा ठरते. प्रयोगातले वाण समशीतोष्ण जपानचे होते. साडेतेराची सीमा कोकणात निरुपयोगी ठरेल. इथे दिवस तिथवर पोचतच नाही. आपल्या गरव्या वाणांची सीमा त्याहून खाली असणार, हे साध्या अंकगणिताने कळते.

उलट टोक होक्काइडोचे. तिथे भात ऐन मोठ्या दिवसांत निसवला नाही तर थंडीत सापडतो. म्हणून तिथली वाणे लगाम तोडलेली आहेत. जीएचडी-७ निकामी असलेली. जगभरच्या लागवडीतल्या भातांत निकामी एचडी-१ जागोजाग आढळते. २००९मध्ये ६४ वाणांच्या तपासणीत निसवण्याच्या वेळेतला फरक मोठ्या प्रमाणावर याच जनुकाच्या बिघाडांशी जुळला. शेतकऱ्यांनी हजारो वर्षे लवकर पिकणारी लोंबी बाजूला काढून ठेवली, ती नकळत हीच कळ मोडत.

विसाव्या शतकात हे काम मुद्दाम झाले. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे १९६६चे ‘आयआर-८’ आणि आपले १९६८चे ‘जया’ दिवसाच्या लांबीला फारसे जुमानत नाहीत. वर्षातून दोन-तीन पिके घेता आली ती त्यामुळेच, आणि हरितक्रांतीचे श्रेय ठेंगण्या ताटाइतकेच या बेफिकिरीलाही द्यायला हवे. त्याची किंमतही आहे. लावणी लांबली की निसवणे लांबते, आणि परतीचा पाऊस संपल्यावर दाणा भरायला ओल उरत नाही. संवेदनशील वाणात हा धोका कमी. पण याचा अर्थ गरवे ते सगळे संवेदनशील, असा नाही. बी. एस. वेर्गारा आणि टी. टी. चँग यांनी भाताच्या फुलण्याचा जो आढावा घेतला त्यात दोन काळ वेगळे केले आहेत: दिवस कितीही लहान असला तरी पुरा करावाच लागणारा वाढीचा काळ, आणि दिवसाच्या लांबीने ताणला जाणारा काळ. एखादे वाण नुसत्या पहिल्या काळाच्या जोरावरही गरवे असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि हवामान बेभरवशाचे झालेल्या काळात नेमका हाच फरक महत्त्वाचा आहे.

हा फरक तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. गार्नर आणि अॅलार्ड यांनी सोयाबीनवर वापरलेली रीत पुरते. ज्यांच्या घरी जुने गरवे बी अजून आहे, त्यांनी येत्या खरिपात ते दोन खेपांना पेरावे, मधे तीन आठवडे ठेवून, आणि दोन्ही तुकडे निसवल्याच्या तारखा लिहून ठेवाव्यात. तारखांतही तीन आठवड्यांचे अंतर राहिले, तर वाण दिवस मोजणारे. अंतर चार-आठ दिवसांवर आले, तर ते रात्र मोजणारे. रस्त्यावरच्या दिव्यापासून मात्र दोन्ही तुकडे लांब ठेवावेत, कारण रात्रीच्या उजेडाने अशा वाणाचे निसवणे लांबते. त्या तारखा, गावाचे नाव आणि मूठभर बी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे पोचते करावे.